पुढचं पातं पुरं कर

बाळा,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. "काका, सुरीचं पातं तुटलं, माझा हात या कामाचा नाही, राहू द्या." आरं दोन रविवारात कुणाचा हात बसतो? आणि तुटलं ते हातामुळं नाहीच. तू संध्याकाळी भट्टीतनं काढून तेलात विझवलंस आणि तसंच घेऊन ड्युटीला गेलास, मी पण अडवलं नाही, ती माझी चूक. तेलातनं काढलेलं पातं काचेसारखं असतं. त्याच दिवशी ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला दोन तास ठेवायचं, फिकट सोनेरी रंग चढला की कडकपणा जरा उतरतो आणि मग ते पडलं तरी सहसा तुटत नाही. तुझं रात्रभर तसंच राहिलं, सकाळी फरशीवर पडलं, दोन तुकडे. एवढंच झालंय.

आता पुढचं पातं पुरं कर. वाकडं होऊ दे, मूठ ओबडधोबड होऊ दे, पण पुरं कर.

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, आणि तुला फायर ब्रिगेडला लागून वर्ष पण झालं नव्हतं. बोटीतनं माणसं काढलीस, काठावर सोडलीस, परत फिरलास. त्यातल्या एका म्हातारीचं पुढं काय झालं कळलं नाही, हे तू मला तीनदा सांगितलंस, तुझ्या लक्षात तरी आहे का? आपल्या कामात शेवट दिसतच नाही रे. अँब्युलन्सचं दार लागलं की पुढचा कॉल. आमचं फौजेत पण तेच, जखमी पोरगं हेलिकॉप्टरमध्ये चढवायचं आणि आपण परत पोस्टवर. सुरीला शेवट असतो. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा असतो आणि काही रविवारांनी त्यानं घरात कांदा चिरला जातो. तो कांदा चिरताना तू बघायला पाहिजेस, म्हणून पुरं कर म्हणतोय.

हातोड्याचा आवाज तुम्हाला कसा चालतो, म्हणालास. दिवाळीत मी अजून आतल्या खोलीत बसतो, पण हातोड्याचा आवाज मला लागत नाही, तो कधी पडणार हे माझ्या हाताला आधीच माहीत असतं.

माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात नऊ पाती आहेत, सगळी अर्धी. कुठलं नुसतं कानसून सोडलेलं, कुठल्याला भोकं पाडली पण मूठ नाही. पेन्शनवर आल्यावरची चार वर्षं आहेत ती. घरचे म्हणतात शेडमध्ये लपून बसायचास, लेकीच्या साखरपुड्याला पण तिथंच होतास. होतो. माणसांत जीव गुदमरायचा, काय करू? पण दारू तिथंच सुटली, आणि त्या चार वर्षांत मी कुणावर हात उचलला नाही, हे कुणी धरतच नाही. दहावं पातं पुरं झालं, बाभळीची मूठ, पितळी रिबिटा. तुझ्या काकूनं त्यानं शेवग्याच्या शेंगा कापल्या, बोलली काही नाही, आणि मी त्या रात्री पहाटे चारपर्यंत झोपलो. हे पहिल्याच पात्याला करायला पाहिजे होतं. पहिल्याच. लेकीचा साखरपुडा तरी बघितला असता.

गोळ्या बंद करायच्या नाहीत, सुरी केली म्हणून डॉक्टर सुटत नाही. रात्री फारच झालं तर १४४१६ लाव, टेली मानस, मनाच्या त्रासाची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. मला उठवायला लाजतोस म्हणून सांगतोय, खरं तर मलाच उठव.

आणि ते मोठ्या खंजीराचं डोक्यातनं काढ. नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पातं घरकाम-शेतीचं नसेल तर हत्यार कायद्यात येतं, आणि हत्यारं बघून झाली की माझी. सहा इंचाची स्वयंपाकघरातली सुरी करायची.

रविवारी दहाच्या आत ये, नंतर शेडचा पत्रा तापतो. पाटा कापून ठेवलाय, यात तडा नाही, मी घासून बघितलंय. भट्टीत लाल दिसलं म्हणून घाई करू नकोस, लोहचुंबक चिकटायचं बंद झालं की अजून जरा तापव, मग तेल. ओव्हन मी आधीच लावून ठेवतो. आणि सोमवारची सुट्टी टाकून ये.

काका