पोटॅशियम नायट्रेटच्या गोडाऊनसाठी आग विझवायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घ्यावं की डीसीपी (कोरडी केमिकल पावडर)?

दोन्हींच्या भरवशावर राहू नका. नायट्रेट, क्लोरेट, परमँगनेट ही सगळी ऑक्सिजन स्वतःच्या पोटात घेऊन बसलेली असतात, मग बाहेरची हवा तोडून आग विझणार कशी? सीओटू, पावडर, फोम, ब्लँकेट, काहीच धड चालत नाही. लागतं ते भरपूर पाणी, लांबून आणि लवकर, म्हणजे हायड्रंट, होज आणि भरलेली टाकी. इलेक्ट्रिक पॅनलसाठी सीओटू लावाच, पण ते पॅनलसाठी.

एवढं ठासून सांगतोय कारण कोकणातल्या एका एमआयडीसीत मी शिफ्ट इनचार्ज असताना हे समोर झालंय. फोर्कलिफ्टचं तेल गळलं होतं, तेल दिसलं की भुसा टाकायचा ही सगळीकडची सवय, हेल्परने टाकला. तिथेच नंतर सोडियम नायट्रेटची गोणी फाटली आणि कुणीतरी तेल, भुसा, नायट्रेट सगळं एकत्र झाडून लाकडी पॅलेटच्या कडेला ढीग लावला. सेकंड शिफ्टला बाजूला ग्राइंडिंग चालू झालं, ठिणगी नेमकी त्यात. एका पोराने सीओटू मारलं, जाळ बसला, सिलिंडर संपला की परत भडकला. मग डीसीपी. पावडरचा पांढरा थर वर तसाच आणि खाली पॅलेटची फळी फुलबाजीसारखी सूं सूं करत जळतेय, वर पिवळट तपकिरी धूर. मी होज ओढायला सांगितली तर स्टोअरचे साहेब आडवे आले, "अहो, बाकीच्या गोण्या भिजतील, सगळा माल पाण्यात जाईल!" माल विरघळतो हे खरंच आहे. मी पोरांना वारा पाठीशी घेऊन उभं केलं आणि व्हॉल्व्ह उघडला. आग गेली, खालच्या थरातल्या गोण्यांचा लगदा झाला आणि मला मालाच्या नुकसानीचा मेमो आला.

त्या मेमोला मी दिलेलं उत्तर आजही बदलणार नाही. 16 एप्रिल 1947 ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात ग्रँडकँप जहाजावर अमोनियम नायट्रेटच्या गोण्या पेटल्या, माल खराब होईल म्हणून कॅप्टनने पाणी मारू दिलं नाही, हॅच बंद करून आत वाफ सोडायला लावली. वाफेने माल अजून तापला, जहाज उडालं, किमान 581 माणसं गेली, त्यात गावच्या फायर ब्रिगेडचे जवळपास सगळे. साहेब म्हणायचे ते अमोनियम, आपलं सोडियम, तुलना कसली करता. पदार्थ वेगळा, मान्य. पण माल वाचवायला पाणी अडवणं हे तेच झालं ना? जळत्या ढिगाशेजारचा ऑक्सिडायझर, म्हणजे असा ऑक्सिजन पोटात असलेला माल, वाया गेला असंच धरून चालायचं.

सांडलं तर भुसा, चिंध्या, कॉटन वेस्ट, पुठ्ठा काही लावू नका. स्वच्छ कोरडं फावडं, वेगळा स्वच्छ ड्रम, झाकण सैल. लिक्विड असेल तर कोरडी वाळू. आणि सांडलेलं परत मूळ गोणीत भरायचं नाही. आमच्याकडे वजन जुळवायला भरायचे, त्यावरूनही माझं वाजलंय.

आता हेही लिहायला हवं की पाणी सगळ्यालाच चालत नाही. सोडियम पेरॉक्साइडवर अजिबात नको. स्विमिंग पूलच्या पाण्यात टाकतात ती टीसीसीए (क्लोरीनवाली पावडर किंवा गोळी) थोडीशी भिजली तर तापते आणि विषारी वायू सोडते. हीट ट्रीटमेंटचं वितळलेलं नायट्रेट सॉल्ट असेल तर पाण्याची वाफ होऊन ते अंगावर उडतं. आणि अमोनियम नायट्रेटचा मोठा साठा पेटला असेल तर होज धरत बसू नका, माणसं लांब काढा. 101 ला नुसतं "केमिकलला आग" सांगू नका, पोटॅशियम नायट्रेट, यूएन नंबर (केमिकलचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) 1486 असं सांगा.

धूर नाकात गेलेल्या माणसाला त्याच रात्री दवाखान्यात न्या, तो ठणठणीत दिसला तरी. त्या तपकिरी धुराने फुफ्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी. त्या सीओटूवाल्या पोराला मी ॲडमिट करायला लावलं तेव्हा "खोकतसुद्धा नाहीये, कशाला खर्च?" असं साहेबांनी विचारलं होतं. आणि नायट्रेट लागलेला युनिफॉर्म लगेच काढून धुवायचा, वाळल्यावर तो पेटायला एक बिडी पुरते.