सासूबाई म्हणतात, "राहू दे, कामी येते"

पत्र : दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं घर आहे. तीन खोल्या, एक ओसरी, माणसं पाच. दोन आलमाऱ्या, चार पेट्या आणि दिवाणाचं पोटसुद्धा सामानानं भरलंय. माझ्या साड्या मोजल्या तर ६४ निघाल्या, नेसते दहा-बारा. बाकी साऱ्या आहेराच्या. गंज, म्हणजे पातेली, २३. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांआधी गेले. त्यांच्या खोलीत फवारणीच्या बाटल्या, जळालेली मोटर, रिकामे कट्टे (पोती), छपराचे जुने कवेलू, सारं तसंच आहे. मुलगा यंदा दहावीत जाईल, त्याला अभ्यासाला बसायला कोपरा नाही. काही काढायला गेलं की सासूबाई म्हणतात, "राहू दे, कामी येते." हे दर बाजाराला काहीतरी स्वस्तातलं घेऊन येतात, मागच्या हंगामात पाच विळे आणि चार टॉर्च झाले. सहा महिने न वापरलेली वस्तू काढून टाकावी असं मोबाइलवर पाहिलं. मी तसं म्हटलं तर घरात तीन दिवस अबोला. माझं चुकते काय?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही. पण तो सहा महिन्यांचा नियम तुमच्या घरी चालणार नाही, तो सोडून द्या. कुरडयांचा सोऱ्या वर्षातून चार दिवस निघतो. लोणच्याची मोठी बरणी उन्हाळ्यात एकदा भरते. तिफण पेरणीपुरती, झूल पोळ्यापुरती. तुमच्या घराचं वर्ष अखाजीला (अक्षय तृतीयेला) सुरू होतं आणि अखाजीला संपतं, म्हणून वस्तूचा हिशेबही तसाच करा : मागच्या अखाजीपासून या अखाजीपर्यंत ही एकदा तरी हातात आली का? आली असेल तर ती ठेवायची, मग वापर दोन दिवसांचा का असेना. पूर्ण वर्षात आली नसेल तर तिच्याबद्दल बोलायचं.

सासूबाईंचं "कामी येते" हे निव्वळ हट्टाचं बोलणं नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला किंवा आईबापांच्या तोंडून रोज ऐकला, त्यांच्यासाठी रिकामा डबासुद्धा उद्याची सोय असते. आणि त्या ज्या घरात नांदल्या तिथं प्रत्येक भांड्यावर कोणाचं तरी नाव कोरलेलं आहे. तेव्हा त्यांची एकही वस्तू त्यांच्या माघारी हलवू नका. एकदा असं झालं की पुढची दहा वर्षं त्या पेटीची किल्ली कंबरेला लावून फिरतील. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे, एक गाडगं आणि एक खराटा एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. पण त्यांचं नाव घेऊन सासूबाईंना उपदेश करू नका. बाबांनी ते आपल्या मनानं सोडलं होतं. सुरुवात स्वतःच्या साड्यांपासून करा, म्हणजे बाकीच्यांना कळेल की सून आपलंही काढते.

पण साड्यांच्याही आधी एक काम आहे. ते थांबू शकत नाही, आणि त्यासाठी कोणाशी वाद घालायची गरज पडणार नाही. मामाजींच्या खोलीतल्या फवारणीच्या बाटल्या. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, हे तुमच्या गावात कोणाला सांगावं लागणार नाही. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, लेकरं आणि गुरं दूर, आणि काम ओसरीबाहेर उघड्यावर. ज्या बाटलीत औषध शिल्लक आहे तिचं झाकण उघडूही नका. ते नाल्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतायचं नाही आणि दुसऱ्या बाटलीतही काढायचं नाही. लेबलसकट एका खोक्यात उभं ठेवा, कुलूप लावा, आणि त्याचं काय करायचं ते कृषी सहायकाला किंवा जिथून घेतलं त्या कृषी केंद्राला विचारा. रिकाम्या बाटल्यांना बुडाशी भोकं पाडा, म्हणजे उद्या त्यात कोणी गोडेतेल किंवा वावरात न्यायचं पाणी भरणार नाही. त्या जाळायच्या नाहीत, चुलीत तर मुळीच नाही. यंदापासून बाटली संपली की त्याच वेळी तिच्यात चौथाई पाणी घालून हलवायचं, पाणी पंपाच्या टाकीतच ओतायचं, असं तीनदा. औषध वाया जात नाही आणि बाटलीही बरीच धुऊन निघते.

त्याच खोलीत कवेलू आणि कट्टे आहेत म्हणता. ते मृग लागायच्या आत हलवा. जुन्या कट्ट्यांत उंदीर, उंदरांमागे साप, आणि कवेलूच्या थप्पीत विंचू. सकाळच्या उजेडात, दोघांनी मिळून, पायात बंद बूट घालून काम करा. आधी काठीनं थप्पी ठोका, मग वरून एकेक उचला. कट्ट्याखाली हात घालून ओढू नका. मण्याराचा चावा पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून शंका आली तरी १०८ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. चांगले कवेलू छपराच्या डागडुजीला लागतात. पन्नासेक शाबूत ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, विटांवर. फुटके ओल येते तिथं भरावात घाला.

जळालेली मोटर फेकू नका आणि लोखंडाच्या भावातही देऊ नका. आतल्या वाइंडिंगमध्ये तांब्याची तार असते, आणि तांबं लोखंडाच्या कितीतरी पट महाग जातं. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी घरीच ढीग वेगळे करा : तांबं, पितळ, जर्मन (अॅल्युमिनियम), लोखंड. एकत्र दिलं की सगळं हलक्या भावात जातं. वजन तुमच्यासमोर, आणि शक्य तर आधी घरच्या काट्यावर. वायरची तार काढायला ती जाळायची नाही, तो धूर फार वाईट. चाकूनं सोला, नाहीतर तशीच द्या.

आता भांडी. २३ गंज पाच माणसांच्या घरात कोणी ठरवून घेत नाही. लग्न, बारसं, वास्तू, प्रत्येक वेळी एकेक येत गेलं. रोजच्या रांधण्याला तीन पुरे : साधारण १, २ आणि ५ लिटरचे. त्यासोबत एक लोखंडी कढई, एक तवा, एक परात, ५ लिटरचा कुकर. पाहुण्यांसाठी दहा ताटं-वाट्या जास्तीच्या. कार्यप्रसंगाचे दोन मोठे गंज हवेत की नकोत, हे गावात भाड्यानं भांडी देणारं बिछायत केंद्र आहे की नाही यावर ठरवा. असेल तर पन्नास माणसांची भांडी घरात सांभाळण्यात अर्थ नाही. नसेल तर बचत गटात बोलून पाहा. दहा घरांत दहा मोठे गंज पडून असतात. त्यातले चार गटाकडे ठेवले, वहीत नोंद केली, की सगळ्यांची सोय होते. सासूबाईंनाही हा मार्ग पटेल, कारण भांडं गावातच राहतं आणि नाव पुसलं जात नाही.

कोणतं ठेवायचं, ते हातात घेऊन ठरवा. सारख्या आकाराचे दोन गंज दोन हातांत घ्या. ज्याचं बूड जड, ते ठेवा. पातळ बुडाला वरण लागतं, काठ दाबला की वाकतो. पातळ जर्मनचे गंज, आतून खड्डे पडलेले, ते आधी काढा. आंबट त्यात शिजवूच नये. पितळी गंजात डोकावून पाहा : आत चांदीसारखी पांढरी कल्हई आहे की पिवळं-लालसर पितळ दिसतं? पितळ दिसत असेल तर त्यात चिंच, ताक, टमाटर घालू नका, धातू अन्नात उतरतो. पण म्हणून ते भंगारात देऊ नका. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथिल अवघ्या २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईवाला भट्टीवर भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं तो थर क्षणात फिरवतो. तालुक्याच्या बाजारात कल्हईवाला भेटला तर सासूबाईंचे दोन चांगले पितळी गंज करून आणा. पातळ भांडी बाहेर काढण्याबद्दल हजार शब्द बोलून जे साधणार नाही, ते त्यांच्या माहेरच्या गंजात पुन्हा वरण शिजलं की साधेल.

स्टीलचं नवीन काही घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "पाहा, चिकटत नाही, अस्सल आहे." यानं फार लोक फसतात. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०१-२०२ नंबरचं हलकं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही, आणि मीठ-आंबटानं त्यावर लवकर डाग पडतात. तेव्हा बुडावर ३०४ छापलंय का पाहा, बिल मागा, आणि वजन करा. कुकर आयएसआय शिक्क्याशिवाय घेऊच नका. त्याची रिंग कडक झाली, वाफ बाजूनं निघाली की रिंग बदलायची, कुकर नाही.

साड्यांकडे येते. रोजच्या आठ सुती, कार्याच्या पाच, आणि मनाला लागून असलेल्या दोन-तीन. एवढ्यांना एका आलमारीचा एक कप्पा पुरतो. कोऱ्या आहेराच्या साड्या घडी न मोडता बाजूला काढा आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावा, कोणाकडून आली. नाहीतर ज्या वहिनीनं दिली तिच्याच घरी ती परत जाते आणि वर्षभर टोमणे बसतात. मऊ झालेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या, एका गोधडीला चार-पाच लागतात. सिंथेटिक त्यात मिसळू नका, घाम शोषत नाही आणि टाक्याखालून सरकते. जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, तीन-चार महिन्यांनी घडी बदला. नाहीतर घडीच्या रेघेवरच ती फाटते. आणि पुढचा आहेर घरात शिरायचा थांबवायचा असेल तर तुमच्या घरच्या कार्याच्या पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापा, आणि तुम्हीही भावकीत साडीऐवजी पाकीट द्यायला लागा. आधी एकदोघी नाक मुरडतील, नंतर त्याच करतील.

तुमच्या ह्यांच्या विळ्यांचं. पातळ पत्र्याचा विळा दोन दिवसांत बोथट होतो, पातं मुडपतं, मूठ हलते, म्हणून दुसरा येतो. पाच आणले म्हणजे माणूस उधळा आहे असं नाही, त्याला कापणारा विळा मिळत नाही. लोहाराकडून गाडीच्या कमानपट्टीच्या पोलादाचे दोन विळे घडवून घ्या, मूठ बाभळीची. हंगाम संपला की पुसून, तेलाचा हात फिरवून, वळचणीला नाही तर आत टांगा. भाव बाजारातल्यापेक्षा जास्त पडेल, पण नुसती धार लावून हंगामामागून हंगाम निघतील. टॉर्चचंही तेच : चार बंद टॉर्चऐवजी एक दणकट चार्जिंगचा. आणि त्याची जागा ठरवा, दाराजवळचा खिळा. पुष्कळदा नवीन टॉर्च येतो तो जुना रात्री सापडत नाही म्हणून. ह्यांना "पैसे वाया घालवता" म्हणू नका. बाजाराच्या आदल्या दिवशी काय संपलंय त्याची चिठ्ठी दोघांनी बसून करा, ती त्यांच्या खिशात राहू द्या.

गाद्या गोळा झाल्या असतील तर फोमच्या नव्या घेऊ नका. कापसाच्या मुलखात राहता. पिंजाऱ्याकडून जुनी रुई पिंजून घ्या, कमी पडेल तेवढी नवी घाला, खोळ जाड कापडाची. फुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बादल्या, डबे, यांच्याबद्दल विचार करू नका, उन्हानं कडक झालेलं प्लास्टिक पुन्हा नीट होत नाही. जुने टायर आणि डबडी पावसाच्या आत नक्की काढा, त्यातल्या पाण्यात डेंगूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात.

काही कागद मात्र चुकूनही काढू नका. यंदाच्या बियाण्याची बिलं, पिशव्या आणि त्यांचे टॅग, मूठभर बियाण्यासकट, पीक निघेपर्यंत ठेवा. सोयाबीन उगवलं नाही तर तक्रारीला हेच लागतात. सातबारा नवीन काढता येतो, त्याच्या जुन्या झेरॉक्स जाऊ द्या. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, कर्ज फिटल्याचा बँकेचा नील दाखला आणि मामाजींचा मृत्यू दाखला एका झाकणाच्या डब्यात. वारस नोंद अजून झाली नसेल तर तलाठ्याकडे अर्ज याच महिन्यात द्या.

मोकळ्या झालेल्या खोलीत खिडकीपाशी चार फूट बाय दोन फूट टेबल बसतं. मुलगा उजव्या हातानं लिहीत असेल तर खिडकी डाव्या अंगाला येऊ द्या, वहीवर हाताची सावली पडत नाही. त्या टेबलाखाली काहीही "तात्पुरतं" ठेवू देऊ नका, अगदी तुरीचा कट्टासुद्धा नाही.

राहिली मामाजींची पेटी. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेलं नाही, पण चार पेट्यांत एक त्यांची असणारच. ती यंदा सासूबाईंसमोर, त्यांच्याच हातानं, फक्त कागद काढण्यापुरती उघडा. धोतर, टोपी, चष्मा आहे तिथं राहू द्या. उधई (वाळवी) लागू नये म्हणून पेटीखाली दोन विटा सरकवा आणि ती भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. बाकीचं पुढच्या अखाजीला, त्या म्हणतील तेव्हा.