दोनच सामने खेळलेला प्रशिक्षक

प्रश्न : मी गावातील मुलामुलींना शाळेच्या मैदानावर विनामूल्य कबड्डी शिकवतो. विद्यापीठाच्या संघातून दोनच सामने खेळलो आणि गुडघा दुखावला. "मास्तर, तुम्ही स्वतः किती खेळले?" असे पालक विचारतात, तेव्हा मी निरुत्तर होतो. माझ्यासारख्याने शिकवावे काय?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : अवश्य शिकवावे. अमेरिकेतील बेसबॉलपटू रॉड डीडो यांची कारकीर्द आपल्याला फार जवळची वाटेल. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, १९१४ मध्ये, त्यांचा जन्म झाला. ते शॉर्टस्टॉप होते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधले क्षेत्ररक्षक. चेंडू हाती आल्यास तो कोणत्या बेसकडे फेकायचा, हे या जागेवरच्या खेळाडूला आधीच ठरवून ठेवावे लागते. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाकडून ते २ सामने खेळले. पुढे पाठीच्या दुखापतीने व्यावसायिक खेळणे संपले.

१९४२ ते १९८६ या काळात मात्र त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाला घडवले. संघाने ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यांतील ५ तर १९७० ते १९७४ अशी सलग. टॉम सीव्हर आणि रँडी जॉन्सन हे नामवंत गोलंदाज (पिचर) त्यांचेच विद्यार्थी.

मला त्यांचा १९७३ मधील, ओमाहा शहरात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेतला सामना सर्वांत मोलाचा वाटतो. प्रतिस्पर्धी मिनेसोटा विद्यापीठाचे गोलंदाज डेव्ह विनफिल्ड यांनी १५ फलंदाजांना स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते आणि शेवटच्या, नवव्या डावात डीडोंचा संघ ०-७ असा मागे होता. बेसबॉलमध्ये डावाला वेळेची मर्यादा नसते, तिसरा फलंदाज बाद होईपर्यंत डाव चालू राहतो. त्या एका डावात या मुलांनी ८ धावा काढून सामना ८-७ असा जिंकला. अशा वेळी न खचणारी मुले एका दिवसात तयार होत नाहीत, ती रोजच्या सरावातून घडतात, आणि तो सराव घेणारा स्वतः किती सामने खेळला याला तेथे फारसे महत्त्व उरत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. डीडो त्याच विद्यापीठात सॅम बॅरी यांच्या हाताखाली शिकले होते आणि १९४८ चे पहिले विजेतेपदही दोघांनी मिळून मिळवले. आपणही शारीरिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. त्याची सोय अमरावतीत याच मंडळाच्या महाविद्यालयात आहे. विनामूल्य शिकवण्याबद्दल संकोच नको. डीडोंचा चरितार्थ मालवाहतुकीच्या व्यवसायावर चाले आणि विद्यापीठाकडून ते नाममात्र मानधन घेत.