घराच्या कामात पैसा आधी कुठे घालावा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी यादी वाचली. सर्वांत वर फॉल्स सीलिंग, नवा रंग, स्वयंपाकघरातली नवी कपाटं. तळाशी ‘जमल्यास’ असं लिहून वायरिंग आणि बाथरूमचे पाइप. पैसे सगळ्याला पुरणार नाहीत, मग काय सोडू, असं तू विचारलंस. माझं उत्तर असं, की आधी यादी उलटी कर.

प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिही: हे काम बिघडलं किंवा पाच वर्षांनी बदलावंसं वाटलं, तर काय काय फोडावं लागेल? रंगासाठी काहीच फोडावं लागत नाही. दिवा दोन स्क्रूवर असतो, कपाटाचं दार बिजागरीवर. पण टाइलमागचा पाइप गळला तर टाइल, गिलावा, वॉटरप्रूफिंग हे सगळं उखडतं, आणि खाली कुणी राहत असेल तर त्यांचं छतही. पाइप स्वस्तातला असला तरी त्याच्यापर्यंत पोचण्याचा खर्च प्रचंड असतो. जितकं फोडणं जास्त, तितका पैसा तिथे आधी आणि चांगल्या मालावर.

याच्याही आधी ओल बघ. तू लिहितोस की कोपऱ्यातल्या भिंतीचा रंग फुगून पोपडे पडतात आणि पांढरी भुकटी येते. ती भुकटी म्हणजे भिंतीतले क्षार. पाणी त्यांना विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तिच्यावर कितीही महाग रंग लावला तरी तो सुटणारच. पाणी कुठून येतंय हे ओळखायला साधारण एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दोन दिवस तसाच ठेव. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवते आहे. तिथे हवा खेळती ठेवणं आणि एक्झॉस्ट पंखा हा उपाय. थेंब कागद आणि भिंतीच्या मध्ये असतील तर पाणी भिंतीतून येतंय. मग बाहेरची चीर, गच्ची किंवा पलीकडचा पाइप शोध. ते थांबून भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नकोस.

बाथरूमवर मी जास्त लिहिणार आहे, कारण घरातला सर्वांत जास्त पैसा इथे वाया जाताना दिसतो. लोक टाइल निवडण्यात महिना घालवतात आणि टाइलखाली काय झालं ते बघतही नाहीत. टाइल किंवा ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यात भरलेली लुकणी, हे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवतो तो त्यांच्याखालचा थर. जुन्या टाइल निघाल्या की आधी पाइप बदलून घे. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात, आणि टाइल उखडलेली असताना ते तसेच ठेवणं म्हणजे खर्च पुढे ढकलणं. नव्या पाइपमध्ये नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भर आणि दाबमापकाचा काटा रात्रभर बघ. काटा उतरला तर गळका सांधा उघड्या भिंतीत सापडतो. त्यानंतरच पाइपसाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवायची.

मग वॉटरप्रूफिंग. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा मसाल्याने गोलसर करून घ्यायचा, कारण काटकोनात लेप ताणला जाऊन तडकतो. लेपाचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर तो किमान ३० सेंटीमीटर वर न्यायचा, शॉवरच्या भिंतीवर १.८ मीटरपर्यंत. नहाणी ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) आणि पाइपचा भोवताल स्वतः वाकून बघ; घाईत तिथेच लेप पातळ बसतो. लेप वाळला की ट्रॅप बंद कर, जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी भर, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मार आणि ४८ तास थांब. थोडं पाणी वाफ होऊन कमी होईल, ते चालतं. रेघेपासून पाणी खूप खाली गेलं किंवा खालच्या छतावर डाग उमटला, तर लेप पुन्हा. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याला पहिली टाइलसुद्धा लावू देऊ नकोस.

जमिनीचा ट्रॅपकडे जाणारा उतार दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर हवा. इथे मोठ्या टाइल अडचण करतात. ट्रॅप मध्यभागी असेल तर चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि ६०० मिलिमीटरची टाइल तशी वळत नाही. मग एक तर तिला कापावं लागतं, नाहीतर पाणी साचतं. ३०० मिलिमीटरची, खरखरीत पृष्ठभागाची टाइल घे, नाहीतर एका भिंतीलगत लांब जाळी बसवून एकाच दिशेला उतार दे. टाइल बसल्यावर नाण्याने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही, आणि अशी टाइल पुढे जड वस्तू पडली की फुटते. त्याच लॉटचे एक-दोन जादा डबे ठेवून दे. तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.

नळांबद्दलही हाच न्याय. बाहेर दिसणारा नळ साधा घेतलास तरी चालेल, तो पाना लावून बदलता येतो. भिंतीत गाडला जाणारा गरम-गार पाण्याचा मिक्सर मात्र असा घे, ज्याचं आतलं कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा भाग) आणखी दहा वर्षांनीही मिळेल.

आता वीज. एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडते म्हणून मोठी बसवून देतो, असं वायरमन म्हणाला, असं तू लिहिलंस. ते करू देऊ नकोस. एमसीबी वायरचं रक्षण करते. वायर बारीक आणि एमसीबी मोठी असेल, तर एमसीबी पडण्याआधी वायर तापून आवरण वितळतं. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि त्या दोघांना डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) वेगळी लाइन. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याच लाइनवर इस्त्रीही असेल तर एमसीबी का पडते ते कळेल. माणसाला शॉकपासून वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच. ती नसेल तर यादीत पहिली ओळ तिची. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल, तर नव्या रंगासाठी थांबू नकोस, तो पॉइंट आजच बंद कर. झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढ. पुढे खिळा ठोकताना तेच कामी येतील.

स्वयंपाकघराची कपाटं सगळी बदलायची गरज असेलच असं नाही. बिजागरीचा एक स्क्रू काढून परत घट्ट करून बघ. तो पकड घेत असेल तर सांगाडा चांगला आहे. दारं, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल बदल, कपाट नव्यासारखं वापरता येईल. स्क्रू नुसताच फिरला तर बोर्ड आतून भुसभुशीत झालाय. सिंकखालचा खण मात्र उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचाच हवा, आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही सीलबंद हव्यात. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) फुगायला अशा उघड्या कडांपासूनच सुरुवात होते. ओटा नवा करणार असशील तर उंची कॅटलॉगवरून ठरवू नकोस. जो रोज उभा राहून काम करतो त्याच्या कोपराखाली १० ते १५ सेंटीमीटर, हे माप घे.

खिडक्या बदलण्याआधी फटींना रबराची पट्टी लाव आणि उन्हाच्या बाजूला बाहेरून सावली कर. आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. उरलेले जुने बल्ब लगेच बदल: ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा एलईडी, रोज पाच तास, तर वर्षाला एका दिव्यामागे सुमारे ९३ युनिट वाचतात. फॉल्स सीलिंग मी सोडायला सांगेन. उंची कमी होते आणि वरून गळलं तर महिनोन्महिने कळत नाही. करायचंच असेल तर पाइपखाली उघडणारी झडप ठेव.

घर विकताना किंमत येईल म्हणून कशावरही खर्च करू नकोस. घेणारा माणूस येईपर्यंत तू निवडलेली टाइल जुनी झालेली असेल.

कोटेशन मागताना वायरची जाडी, पाइपचा प्रकार, लेपाचे हात, प्लायवुडची प्रत हे सगळं तूच लिहून दे, म्हणजे तिन्ही ठेकेदारांचे आकडे एकाच कामाचे असतील. एकूण रकमेचा १५ टक्के भाग बाजूला ठेव. जुनी भिंत उघडली की काहीतरी निघतंच. पैसे तारखेवर देऊ नकोस, टप्प्यावर दे: पाइपची चाचणी झाली की एक हप्ता, बाथरूममध्ये पाणी भरून बघितलं की दुसरा. शेवटचे १० टक्के हातात ठेव आणि सगळे नळ, दिवे, ड्रॉवर आठवडाभर वापरून झाल्यावर दे.

आज रात्री एवढं कर. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेव आणि सकाळी, पाणी वापरण्याआधी, पुन्हा बघ. आकडा हलला असेल तर फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाक. अर्ध्या तासात, फ्लश न करता, तो कमोडच्या भांड्यात उतरला तर गळती टाकीतच आहे. नाही उतरला तर भिंतीतला पाइप तपासावा लागेल, आणि यादीचा क्रम त्यावर ठरेल. दोन्ही आकडे आणि त्या कोपऱ्यातल्या भिंतीचा फोटो पाठव.

कळावे,
तुझा हितचिंतक