आधी कागद, मग सॉफ्टवेअर

नेरुळमध्ये बसून डायपोल मॅग्नेट (कणांची वाट वळवणारा दोन पोलचा चुंबक) आणि स्कॅटरिंग (टार्गेटवर आदळून कण विखुरणं) दोन्ही शिकायचंय, खुशाल शीक. फक्त सिम्युलेशन उघडायची घाई नको. रंगीत चित्र चुकीच्या गणितातूनही छानच येतं!

खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) कर्करोगावर प्रोटॉन उपचार होतात, तर २३० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉनच घे. संवेग (मोमेंटम) साधारण ०.७ जीईव्ही/सी. त्याला ३.३४ ने गुणलं की २.३ टेस्ला-मीटर; हा चुंबकीय क्षेत्र (टेस्ला) आणि वळणाच्या त्रिज्येचा (मीटर) गुणाकार. म्हणजे १.५ टेस्लामध्ये वळणाची त्रिज्या दीड मीटरच्या आसपास. मग कॉइल: दोन पोलमधल्या २ सेंटीमीटर फटीत १ टेस्ला हवं तर सुमारे १६ हजार अँपिअर-वेढे (करंट गुणिले वेढे). फट दुप्पट केलीस की अँपिअर-वेढेही दुप्पट, आणि तीच तार ठेवलीस तर उष्णता चौपट. म्हणून फट आधी ठरव, बाकी नंतर.

नवखे हमखास इथे चुकतात:
- लोखंड हवं तेवढं क्षेत्र देईल असं धरतात. २ टेस्लाच्या जवळ ते संपृक्त होतं (क्षेत्र फारसं वाढत नाही), मग करंट नुसता जळतो.
- क्षेत्र पोलच्या कडेला संपतं असं मानतात. ते बाहेरही पसरतं; त्यामुळे चुंबकाची प्रभावी लांबी फटीच्या मापाने वाढते.
- स्कॅटरिंगमध्ये टार्गेट काढून मोजणी करत नाहीत. रदरफर्डच्या सूत्राने १० अंशांच्या तुलनेत १५० अंशांवर कण सुमारे १५ हजार पट कमी. तिथे पार्श्वभूमी (टार्गेट नसतानाही येणारी मोजणी) वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

क्वाड्रुपोल (झोत एकवटणारे चुंबक), सुपरकंडक्टर सध्या राहू दे. फट किती धरलीस ते कळव, पुढचं त्यावर बोलू.