सांगलीतून पहिल्यांदाच गोव्याच्या कॅसिनोत जायचंय, आत काय असतं आणि किती पैसे न्यावेत?

तुम्ही विचारलंय की चौघं मित्र सांगलीतून गोव्याला चाललाय, कॅसिनो कधी बघितलेला नाही, आत काय असतं, किती पैसे न्यायचे आणि थोडंफार जिंकून ट्रिपचा खर्च निघेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, खर्च निघेल असं धरून अजिबात जाऊ नका. बाकी जायला काहीच हरकत नाही, एकदा बघण्यासारखी जागा आहे. मी तीन वेळा गेलोय, दोनदा मस्त मजा आली आणि एकदा घरच्याच माणसाशी वाजलं, ते पण खाली सांगतो कारण चौघांत असा एकजण निघतोच.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो, बरीच वर्षं झाली. त्यामुळं आत गेल्यावर झुंबरं, गाणी, गालिचे बघून झाले की मला पहिली गोष्ट ही दिसली की हा धंदा अडतीसारखा आहे. हळदीला दर चांगला लागू दे नाहीतर पडू दे, शेतकरी हसत जाऊ दे नाहीतर रडत, अडत म्हणजे दलाली बसते ती उलाढालीवर. कॅसिनोचं तेच आहे, तुम्ही एकटे जिंकला काय हरला काय त्यांना फरक पडत नाही, प्रत्येक डावावर त्यांचा कट आधीच खेळाच्या नियमात बसवलेला असतो. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

जाण्याचं म्हणाल तर आम्ही गाडीनं गेलेलो, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि मग पणजी. सकाळी लवकर निघालात तर जेवायला गोव्यात. गाडी नको असेल तर मिरजेवरून गोवा एक्स्प्रेस आहे, दूधसागर दिसतो ते वेगळंच सुख, पण मडगावला उतरून पुन्हा पणजीला यायचं असल्यामुळं चौघांना गाडीच सोपी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण आमच्यातल्या एकाला सारखं वाटत होतं की पोलिसांची धाड पडेल. गोव्यात हे सगळं परवान्यानं चालतं. १९७६ चा तिथला जुगाराचा कायदा आहे, त्यात १९९२ ला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात मशीन चालवायला परवानगी दिली आणि १९९६ ला जहाजावर टेबल गेम्सना. म्हणून फरक लक्षात ठेवा, हॉटेलातल्या कॅसिनोत कायद्यानं फक्त इलेक्ट्रॉनिक खेळ आणि खरे पत्ते, खरं रूलेटचं चाक, समोर उभा डीलर हे मांडवी नदीतल्या जहाजांवर. पहिल्यांदाच जाताय तर जहाजावरच जा. वय २१ पूर्ण पाहिजे, आधार किंवा लायसन्स ओरिजिनल ठेवा. आणि गोव्याच्या स्थानिक लोकांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, म्हणजे हे सगळं आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांच्या खिशावर चालतं, याचा विचार करून बघा. आपल्याकडं पण १९७६ लाच कॅसिनोचा कायदा केलेला पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्दच केला. त्यामुळं सांगली-कोल्हापूरकडं कुणी "आतमध्ये कॅसिनो आहे, चल" म्हटलं तर तो सरळसरळ बेकायदा क्लब आहे, तिथं पाय ठेवू नका. आणि "आधी मोबाईलवर पैसे लावून प्रॅक्टिस करतो" असंही काही करू नका, २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आलीय, जे अजून चालू दिसतात ते फसवणारेच समजा.

आता प्रत्यक्ष. पणजीत मांडवीच्या काठाला रस्त्यावरच कॅसिनोवाल्यांची ऑफिसं आहेत, तिथं नाव नोंदवायचं, फोटो काढतात, मनगटाला पट्टी बांधतात आणि छोट्या बोटीनं जहाजावर नेतात, पाच-दहा मिनिटांचं काम. हाफ पँट आणि चप्पल चालत नाही, आमच्यातला एकजण बीचवरून तसाच आलेला, त्याला परत हॉटेलवर जाऊन बूट घालून यावं लागलं आणि आमचा दीड तास तिथंच गेला. तेव्हा फुल पँट, कॉलरचा शर्ट, बूट.

एंट्रीचं पॅकेज असतं, माणशी दोन-तीन हजारांपासून पुढं, शुक्रवार-शनिवारी आणि सुट्टीत बरंच जास्त. त्यात जेवण, शो, बहुतेक पॅकेजात दारू आणि काही रकमेचे खेळायचे चिप्स, म्हणजे नोटांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या. हे जे फुकटचे चिप्स असतात त्यांना वन टाइम प्ले म्हणतात आणि इथंच सगळे गंडतात. त्याचे पैसे काउंटरवर मिळत नाहीत, तो एकदाच लावायचा, हरला तर गेलाच पण जिंकला तरी तो चिप डीलर काढून घेतो आणि फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिपमध्ये देतो. मी हे पहिल्या वेळी रूलेटच्या टेबलावर सगळे लाल-काळ्यावर लावले (रूलेट काय ते खाली सांगतो), दुसऱ्या वेळी जायच्या आधी वहीत मांडून बघितलं तर कळलं की हजाराचे असे चिप्स लाल-काळ्यावर लावले तर सरासरी ४८६ रुपयेच हातात येतात, डझनावर म्हणजे एकदम बारा आकड्यांवर लावले तर ६४८ आणि एकेका आकड्यावर सुट्टे सुट्टे लावले तर ९४५ पर्यंत जातात, कारण आकड्याला एकाला पस्तीस मिळतात आणि चिप गेल्याचं नुकसान त्यात कमी जाणवतं. आकडा लागेलच असं नाही, सगळे कोरडे पण जाऊ शकतात, पण फुकटचा चिप लावायचा तर तिथंच. फक्त आधी डीलरला विचारा, काही टेबलांवर हा चिप लाल-काळ्यासारख्या ठिकाणीच घेतात.

आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं काही खेळू नका, नुसते फिरा. दोन-तीन मजले असतात, सिगारेटचा वास जाम असतो, घड्याळ कुठं दिसत नाही. मोबाईल टेबलावर काढू देत नाहीत, फोटो तर नाहीच, वर कॅमेरे असतात. डीलर पोरं-पोरी फार सभ्य, हिंदीत बोलतात, आपण मराठी बोललो की बरेचजण मराठीतच उत्तर देतात. प्रत्येक टेबलावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लावायचं याची पाटी असते, ती वाचल्याशिवाय बसू नका, दिसायला सारखीच दोन टेबलं असतात पण एकाचं मिनिमम पाचशे आणि दुसऱ्याचं पाच हजार.

रूलेट सगळ्यात सोपं. चाकावर ० आणि १ ते ३६ असे ३७ खाने असतात, काही चाकांवर ०० पण असतो म्हणजे ३८. तुम्ही आकड्यावर लावलं आणि लागला तर ३५ पट देतात, म्हणजे खाने ३७ आणि हिशेब ३६ चा, हीच ती अडत. एका शून्याच्या चाकावर ती २.७ टक्के, दोन शून्याच्या चाकावर ५.२६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं पण ती तुमच्या खिशातल्या रकमेवर नाही, फिरवलेल्या रकमेवर आहे. समजा तुम्ही दर डावाला ५०० लावताय आणि तासात ४० डाव झाले, तर खिशात पाच हजारच असले तरी उलाढाल झाली वीस हजारांची, त्यावर सरासरी कट ५४० रुपये, आणि दोन शून्याचं चाक असेल तर हजाराच्या वर. एका तासाचे. म्हणून मी सांगतो की शून्य किती ते बघून बसा, आणि सावकाश खेळा, दोन डाव लावा एक सोडा, मधे गाणं ऐका, जेवून या. जितके कमी डाव तितकी अडत कमी, एवढंच आपल्या हातात आहे.

चाकाच्या शेजारी बोर्डावर मागचे आकडे दाखवत असतात, त्यावर भरवसा ठेवू नका. चाकाला मागचं काही आठवत नसतं. सहा वेळा काळा आला म्हणून सातव्यांदा लाल येणार असं काही नसतं, दर वेळी तेच, ३७ मधले १८. आणि एकच आकडा धरून ३७ डाव लावले तर एकदा तरी लागणारच असं आमच्या गाडीत सगळे म्हणत होते, पण हिशेब केला तर शंभरातल्या ३६ जणांना एकदाही लागत नाही. गावाकडं मटक्याच्या आकड्याला "आज येणार, तीन दिवस आला नाही" म्हणून घरं बसलेली आपण बघितलीत, तीच चूक इथं एसीत बसून होते.

अंदर-बाहर आपल्या लोकांचं आवडतं टेबल, जत्रेपासून ओळखीचं असतं ना. त्यात ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू शंभरात साधारण साडेएक्कावन्न वेळा जिंकते, आणि ते त्यांनाही माहीत असल्यामुळं तिथं पूर्ण रक्कम न देता थोडी कमी देतात. तीन पत्तीत मात्र आपल्याकडच्यासारखी चाल, ब्लाइंड, समोरच्याला दम देणं हे काही नाही, तुमचे पत्ते विरुद्ध डीलरचे, त्यामुळं गावातल्या तीन पानीच्या हुशारीचा तिथं उपयोग शून्य. बाकारा हा पत्त्यांचा खेळ खेळला तर प्लेअर किंवा बँकर यातली कुठली बाजू जिंकणार त्यावर लावायचं, दोन्हीत कट सव्वा टक्क्याच्या आसपास म्हणजे सगळ्यात कमी, पण टायवर म्हणजे बरोबरीवर लावू नका, तिथं चौदा टक्क्यांच्या वर जातात. स्लॉट मशीनकडं मी फिरकत नाही, डाव इतके भराभर होतात की उलाढाल कुठं पोचली हे कळत नाही.

आता ते वाजलं त्याचं. दुसऱ्या खेपेला आमचे दाजी बरोबर होते, तासगावकडं त्यांची बाग आहे, बेदाणा करतात, माणूस अतिशय सरळ. आम्ही बोटीत बसायच्या आधी ठरवलेलं की माणशी दहा हजार, त्याच्या वर नाही. दाजींनी लाल-काळ्यावर दुप्पट करत जायचं काढलं, हरलो की पुढच्या डावाला दुप्पट, एकदा लागलं की सगळं वसूल. पहिल्या तासात खरंच चार-पाच हजार वर होते आणि तेच नडलं. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, असे सहा डाव सलग उलटे गेले की साडेएकतीस हजार गेले, आणि एका शून्याच्या चाकावर असं सरासरी ५५ खेपांत एकदा होतं, रात्रभर बसलं तर ५५ खेपा काय लांब आहेत. शिवाय टेबलाचं मॅक्सिमम आडवं येतं, दुप्पट करायची तयारी असली तरी लावू देत नाहीत. दाजींचे वरचे पण गेले, दहा पण गेले, मग कार्डवरनं काढलेले आठ गेले आणि रात्री दीडला माझ्याकडं येऊन म्हणाले वीस हजार दे, उद्या सकाळी देतो. ते पैसे छाटणीच्या बायकांच्या पगाराचे होते, दाजींनीच माझ्याकडं ठेवायला दिलेले. मी नाही म्हणालो. चारचौघात म्हणाले माझेच पैसे मला देत नाहीस. खरंच त्यांचेच होते आणि तरीही मी दिले नाहीत, डेकवर वाऱ्याला जाऊन उभा राहिलो आणि हातपाय कापत होते माझे. येताना आजऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला, त्यांनीच तिला सगळं सांगितलेलं. आता आमचं चांगलं आहे, पण तो माणूस त्या रात्री मला ओळखूच आला नव्हता, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून पैशाचं असं करा. खेळायची रक्कम घरीच ठरवा, नोटांत न्या, एटीएम कार्ड आणि फोनमधलं यूपीआय हॉटेलवर किंवा जो खेळणार नाही त्याच्याकडं ठेवा, आणि त्याला आधीच सगळ्यांदेखत सांगून ठेवा की मागितलं तरी देऊ नको. चौघांत कुणी कर्जात असेल किंवा घरी मटका-पत्त्याचा इतिहास असेल तर त्याला घेऊन कॅसिनोत जाऊच नका, दूधसागरला जा, मंगेशीला जा, गोव्यात बघायला कमी नाही.

टॅक्स पण धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोला ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स घेताना देता त्या रकमेवर धरतात, जिंकलेले चिप्स परत लावले तर त्यावर पुन्हा नाही. म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा, दहा हजार दिले तर हातात चिप्स कितीचे मिळणार. टॅक्स आत धरून दिले तर ते सव्वासात हजारांच्या पण खाली येतात, म्हणजे खेळायच्या आधीच पाऊण गाडी रिकामी नाही तरी पाव तर झालीच. जिंकलात तर त्यावर इन्कम टॅक्स ३० टक्के आणि वर सेस, आणि हरलेले त्यातून वजा होत नाहीत. चिप्स घेतलेली पावती आणि परत केलेली पावती दोन्ही ठेवा.

वार बदलता येत असेल तर मंगळवार-बुधवार बघा, पॅकेज स्वस्त आणि टेबलाला बसायला जागा मिळते. परत यायच्या बोटी रात्रभर चालू असतात त्यामुळं घाई नको, पण पहाटे तिथूनच गाडी काढून आंबोली चढायचं बिलकुल करू नका, घाटात धुकं असतं आणि तुम्ही रात्रभर जागलेले असता. दारूच्या बाटल्या गाडीत टाकून आणू नका, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचं चेकपोस्ट आहे. पणजीत खोली घ्या, झोपा, सकाळी अकराला निघा. चौघांत कोण खेळणार नाही ते ठरलं की कळवा, पैसे कसे वाटून ठेवायचे ते मी नीट लिहून देतो.