योगवर्गातही मी साथच करते

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की मी व्हायोलिन वाजवते, योगही शिकवते आणि दोन्हींवर माझं घर चालतं. त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांच्या प्रश्नांत इतरांचेही प्रश्न आले आहेत, अशी काही इथे घेते.

ताई, मी २४ वर्षांची आहे. गाणं शिकते आणि योगशिक्षकाचा अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. घरचे म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. तुमचा आठवडा प्रत्यक्षात कसा असतो?

तू वयाने लहान आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ वाजता माझा वर्ग असतो. दुपारी दोन तास रियाझ, आणि तीन दिवस संध्याकाळी व्हायोलिनचे विद्यार्थी. शनिवार-रविवार मैफलींचे. बहुतेक वेळा मी गायकांच्या साथीला असते, स्वतंत्र वादन वर्षातून मोजकंच. मध्येच रेकॉर्डिंगसाठी फोन येतो. तिथे चार तास थांबायचं आणि वीस मिनिटं वाजवायचं, असे दिवस पुष्कळ असतात. मैफली काही महिन्यांत एकीवर एक येतात आणि मग कित्येक आठवडे वहीत काहीच नसतं. वर्ग मात्र बारा महिने चालतो. महिन्याचा ठरलेला खर्च वर्गावर निघतो, मैफलीवर नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात कठीण काय, तर झोप. मैफल रात्री अकराला संपते, पण डोक्यातली लय संपत नाही. द्रुत वाजवून घरी आलेल्या माणसाला एक वाजेपर्यंत झोप लागत नाही, आणि सहाला सतरंजीवर बसायचं असतं. सुरुवातीची तीन वर्षं मी हे रेटलं. शवासन सांगता सांगता मलाच डुलकी यायची आणि दुपारी रियाझाला बसले की सूर चढा लागायचा. आता मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग घेत नाही, तो संध्याकाळी पाचला असतो. तारखा महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकते. सांगायला घाबरत होते, पण एकही विद्यार्थी त्यामुळे गेला नाही.

आता दोन दगडांविषयी. पहिली काही वर्षं माझ्याही मनात असंच होतं: संगीत हे खरं काम आणि वर्ग पोटापाण्यासाठी. वर्गातल्या लोकांना ते कळत होतं. मग एक गोष्ट घडली. माझ्या वर्गात एक वयस्कर बाई यायच्या. मी ‘श्वास घ्या, एक, दोन, तीन, चार’ असं मोजायची आणि त्या नेहमी मागे पडायच्या. एके दिवशी जवळ जाऊन पाहिलं, तर त्या मागे पडत नव्हत्या. माझा पुढचा आकडा येईपर्यंत त्या श्वास कोंडून धरत होत्या. त्यांचा श्वास तीनलाच भरत होता आणि माझ्या ‘चार’साठी त्या थांबत होत्या.

आणि मैफलीत मी वर्षानुवर्षं काय करत होते? गायक श्वास कधी घेणार, हे मी त्याच्या खांद्यावरून ओळखते. पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला दिसणार नाही इतका खांदा हलतो, आणि मला कळतं की आलापाची ही ओळ आता संपतेय. मग मी त्याच्या मागोमाग, अर्ध्या मात्रेच्या अंतराने जाते आणि तो थांबला की ती रिकामी जागा धरून ठेवते. साथीदाराने आकडे मोजून गायकाला ओढायचं नसतं. मग वर्गात मी ते का करत होते? त्या दिवसापासून मोजणं सोडलं. आता बरगड्या बघते आणि त्यांच्या मागून बोलते. वीस माणसांच्या वर्गात प्रत्येकाचा श्वास वेगळा असतो. मग सांगते, ‘श्वास भरला की हात वर, ज्याचा त्याच्या वेळेने.’ वर्ग दिसायला विस्कळीत दिसतो. मला चालतं.

तेव्हापासून मला हे दोन दगड वाटत नाहीत. पण तुला एक सांगते: दोन्ही एकदम सुरू करू नकोस. ज्यात तुझा हात आधी बसला आहे ते आणखी दोन वर्षं पक्कं कर आणि दुसरं आठवड्यातून दोनच तास ठेव. माझं व्हायोलिन आधी नऊ वर्षं चालू होतं, मग योग आला. दोन्ही कच्ची असती, तर मी दोन्ही सोडली असती.

मी तबला वाजवतो. तासभर मांडी घातली की उजवा पाय बधिर होतो. त्यासाठी एखादं आसन सांगाल का?

आसन नंतर, आधी बैठक. मला हा शब्द आवडतो, कारण तो संगीतातही चालतो आणि योगातही.

पाय बधिर झाला की लोक म्हणतात, रक्त थांबलं. बहुतेक वेळा दाब नसेवर आलेला असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, कातडीच्या अगदी जवळून एक नस जाते. ती दाबली गेली की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. म्हणून बसण्याच्या हाडांखाली घट्ट घडी केलेलं कांबळं घ्या, साधारण तीन-चार इंच. गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा खाली आले पाहिजेत. एवढ्याने कंबर मागे कोसळत नाही आणि मांड्यांवरचा ताणही उतरतो. डग्गा-तबल्याची उंची मग थोडी वाढवावी लागेल, ती वाढवा. रियाझात दर चाळीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं चाला आणि बसताना आतला पाय बदला.

पद्मासनाचा आग्रह धरू नका. पद्मासनात फिरायचा असतो तो खुब्याचा सांधा. तो फिरला नाही तर पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा मुळात बिजागरीसारखा आहे, पीळ सोसायला बनलेला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं की तिथेच थांबा. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे, स्थिर, सुख आणि आसन. आपल्याकडे वादक ‘स्थिर’ पाळतात आणि ‘सुख’ विसरतात.

खुबे मोकळे करायचे, तर सुप्त पादांगुष्ठासन करा, म्हणजे पाठीवर झोपून पावलाला पट्टा अडकवून एक पाय सरळ वर घ्या. पाठ जमिनीवर असते, त्यामुळे चुकायला जागा कमी. उठल्यावरही बधिरपणा बराच वेळ राहत असेल किंवा पाऊल उचलायला जड वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्राणायामाने दमसास वाढतो का? मैफलीआधी कपालभाती करावी का?

मी गायिका नाही. गायकांच्या शेजारी बसून जे पाहिलं आणि पुढे शरीररचना शिकताना जे उमगलं, ते सांगते.

दमसास म्हणजे एका श्वासात लांबवर गाता येणं, फुप्फुसात जास्त हवा मावणं नव्हे. प्रौढ माणसाच्या फुप्फुसाचं आकारमान सरावाने फारसं वाढत नाही. बदलते ती हवा सोडण्याची पद्धत. छाती पूर्ण ताणून भरली की बरगड्या परत मिटायला बघतात आणि सुरुवातीलाच हवेचा जोर स्वरपटलांवर येतो. मग गायक ओळीच्या पहिल्या दोन शब्दांतच निम्मी हवा उधळतो. ज्यांचा दमसास मोठा वाटतो, त्यांच्या बरगड्या गाताना लगेच खाली येत नाहीत, सावकाश येतात. स्वरपटलंही नीट जुळतात, त्यामुळे हवा फुकट जात नाही. श्वास भरपूर घेण्यापेक्षा उच्छ्वास लांबवण्याचा सराव करा. खर्जात एकच स्वर हलक्या आवाजात धरणं हाच मला सर्वांत चांगला प्राणायाम वाटतो.

मैफलीआधी कपालभाती नको. जोरात आणि भराभर हवा फेकल्यावर घसा कोरडा पडतो, आणि तुम्हाला नेमका तोच ओला हवा असतो. उज्जायीही जपून करा. त्यात घशात घर्षणाचा आवाज येतो. तो शेजारच्याला ऐकू जाईल इतका मोठा असेल तर घसा आवळला जातोय.

भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, मात्र जरूर करा. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ती सांगितली आहे, आणि २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या साधारण १५ पट भरला. हा वायू सायनसमध्ये तयार होतो, आणि गुणगुणण्याच्या कंपनांनी तिथली हवा हलते. मी स्वतः रंगमंचावर जाण्याआधी विंगेत पाच-सात भ्रामरी करते, शक्यतो त्या दिवसाच्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर. कान लागतो आणि हातांतला थरथराट उतरतो. साथीचे तबलावादकही आता शेजारी उभे राहून करतात.

तुम्ही संगीतकार आहात, मग योगवर्गात संगीत का लावत नाही?

कारण संगीतात लय असते आणि लय श्वासाला ओढते. माझा कान तर सगळा तिकडेच जाईल, वर्ग राहील बाजूला. नुसता तानपुरा लावून पाहिला, त्यात लय नाही म्हणून. तेव्हा लोक आसनातून बाहेर यायला तयार होईनात. तेही बरं नाही.

मी सात वर्षं व्हायोलिन शिकतो आहे. डाव्या करंगळीला मुंग्या येतात. कोणतं आसन करू?

कोणतंही नाही. आधी डॉक्टर. हे मी रागाने लिहिते आहे असं वाटेल. पण मी आठ महिने घालवले आहेत.

माझीही डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्री झोपेत बधिर व्हायचं. योग शिकवणाऱ्या बाईला हे होतंच कसं, या लाजेपोटी मी कोणाला बोलले नाही. स्वतःच खांदे ताणत राहिले. शेवटी कळलं की नस कोपरात दाबली जातेय. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाच्या खोबणीतून जाते आणि कोपर खूप दुमडलं की ताणली जाते. व्हायोलिनवर डावं कोपर तासन् तास दुमडलेलं असतं, आणि मी झोपायचेही हात दुमडून. ज्या ताणण्याला मी उपाय समजत होते, त्याने ती नस आणखी चिडत होती. रात्री कोपर सरळ राहील असा मऊ टॉवेल गुंडाळून झोपणं आणि सलग वाजवण्याची वेळ वीस मिनिटांवर आणणं, यानेच मला खरा फरक पडला. चार महिने लागले. त्या काळात मी मैफली नाकारल्या, आणि ते फार जड गेलं.

तुमचं दुखणं हेच असेल असं नाही. मानेतूनही असं होतं. म्हणून तपासून घ्या.

बरं झाल्यावर योग जरूर करा, पण वादकाच्या हिशेबाने. अधोमुख श्वानासनात आणि फळीच्या स्थितीत बराच भार मागे वळलेल्या मनगटांवर येतो. मी वादकांना ही आसनं कोपरं टेकवून करायला सांगते आणि मैफलीच्या दिवशी अजिबात नाही. आपलं व्हायोलिन खाली बसून, त्याचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजतं. याने डावा हात मोकळा होतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निसरड्या वाटेसारखी घेता येते, पण धड रोज एकाच बाजूला वळतं. वाजवून झालं की पाच मिनिटं पाठीवर झोपा, पिंढऱ्या खुर्चीवर ठेवून. आणखी काही करू नका.

व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले, तेव्हा ते थकलेले होते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी त्यांना पहिल्या भेटीत अवघड काही करायला लावलं नाही. त्यांना झोपवलं आणि ते खरोखर झोपले. पुढे १९६६ मध्ये अय्यंगारांच्या योगावरच्या ग्रंथाला मेन्युहिननी प्रस्तावना लिहिली. जगातल्या एवढ्या मोठ्या व्हायोलिनवादकाची सुरुवात विश्रांतीने झाली, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

वय ६३. व्हायोलिन शिकायची इच्छा आहे, पण खाली बसता येत नाही. उशीर झाला का?

नाही. खुर्चीवर बसा, पाय दोन्ही जमिनीवर टेकलेले, पाठ टेकवू नका. व्हायोलिन हनुवटी आणि खांद्याच्या आधाराने धरा, त्यासाठी खांद्याखाली लावायचा आधार मिळतो. पहिले दोन महिने फक्त मोकळ्या तारांवर, म्हणजे बोट न ठेवता, गज (बो) चालवा, एका श्वासात एक लांब गज. श्वास सोडताना गज खाली, घेताना वर. तारेचा आवाज खरखरला की समजा, तुम्ही श्वास धरून ठेवला आहे.